मागच्या घरातले दोन स्पीकर

दिवाळी सरते, कपाटातनं स्वेटर बाहेर निघतात आणि सांगलीच्या रस्त्यांवरनं उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भलेमोठे स्पीकर. गाणं कुठलं ते कळत नाही, नुसता धडधडाट. आमच्या घरचे म्हणतात, "काय हा कर्कश्शपणा!" मी खिडकीशी जाऊन उभी राहते. गळिताचा हंगाम सुरू झाला की माझं असंच होतं. आमटी अळणी होते, वर्गात हजेरी घेताना एकाच मुलीचं नाव दोनदा घेते, आणि कुणी "मॅडम, बरं नाही का?" म्हणून विचारलं तर उगाच खेकसते. मग संध्याकाळी वाईट वाटत राहतं.

हा हंगाम मला एकाच वर्षाचा वाटतो. त्यानंतर किती हंगाम आले नि गेले, पण माझ्या डोक्यात एकच आहे, माझ्या दहावीचा. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आमचं गाव कडेगावपासून चार-पाच मैलांवर. कारखान्याच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला मी दप्तर उचलायची. वाऱ्याची दिशा फिरली की मळीचा वास थेट घरात. पाहुणे नाकाला पदर लावायचे, आम्हाला तो आलाय हेसुद्धा कळायचं नाही. कुठं पाचट पेटवलं की त्याची काळी राख तरंगत यायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर नेमकी बसायची. आई त्या राखेला शिव्या घालायची. शिव्या द्यायला तिला हक्काचं असं तेवढंच होतं.

त्याच दिवाळीत अण्णा सुट्टीवर आले. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर. साताऱ्यापर्यंत रेल्वे आणि तिथनं एसटी, असा त्यांचा नेहमीचा प्रवास. यायचे ते हिरवी ट्रंक घेऊन. त्या वेळी ट्रंकेबरोबर आणखी एक पोतं होतं, सुतळीनं शिवलेलं. एसटीच्या टपावरनं ते उतरवताना अण्णा खालनं ओरडत होते, "आवं, दमानं! दमानं! काचेचं समजा!" लोकांना वाटलं, फौजीनं बाटल्या आणल्या. दोघं-तिघं उगाच मदतीला धावले.

पोत्यातनं निघाला तो एक काळा, चपटा, लोखंडासारखा जड डबा. रिसीव्हर म्हणतात त्याला, हे अण्णांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या साहेबांनी तो कधीतरी परदेशातनं आणलेला. साहेबांकडं नवा आला, मग हा जुना त्यांनी अण्णांना दिला, पाच स्पीकर आणि तारांच्या भेंडोळ्यासकट. रिमोट हरवलेला होता. एका कोपऱ्यावर पोचा होता. पण अण्णांनी बटण दाबलं आणि त्याच्या कपाळावर निळसर हिरवे आकडे उजळले, तेव्हा आई हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. "देवापुढं ठेवायचा का ह्यो?" तिनं विचारलं. पाडव्याला खरंच त्याला हळद-कुंकू लागलं.

मला तो डबा अजून हाताला आठवतो. घरातला जुना टेपरेकॉर्डर अण्णांनी त्याला तारेनं जोडला होता, कॅसेट त्यात घालायची. आवाजाचं ते मोठं गोल बटण तुपात फिरवल्यासारखं फिरायचं. चालू केल्यावर चार-पाच सेकंद काही म्हणजे काही व्हायचं नाही, मग आतनं ‘टक्’ असा आवाज यायचा आणि गाणं सुरू व्हायचं. तेवढ्या वेळात आई दर वेळी म्हणायची, "बिघाडला वाटतं." तासाभरानं त्याच्या पाठीला ऊब यायची, गरम धुळीचा वास सुटायचा. आमच्या मांजरीनं आठवड्याभरात वरची जागा धरली. रानातल्या मोटारी सुरू झाल्या की गावची वीज मलूल व्हायची, आकडे मिणमिणायचे, आणि कॅसेटमधली बाई गाताना दम लागल्यासारखी वाटायची.

आता भिंतीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं घर लांबट. त्याच्या चार वर्षं आधी त्याची वाटणी झाली होती. अण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या. तात्यांनी अण्णांना अंगाखांद्यावर वाढवलं, स्वतः शाळा सोडून रान बघितलं आणि धाकट्याला फौजेत भरती करायला सांगलीपर्यंत स्वतः घेऊन गेले. दोघा भावांत कधी वाकडा शब्द नव्हता. वाजलं ते आईचं आणि थोरल्या आईचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं. कशावरनं? म्हशीच्या धारेवरनं, सरपणावरनं, कुणी आधी कुणाला काय म्हणालं त्याच्यावरनं. मला विचारू नका, मी दोघींची बाजू ऐकलीय आणि दोन्ही खऱ्या वाटतात. आमच्याकडं रीत अशी, की थोरल्यानं वाटण्या घालायच्या आणि धाकट्यानं आपली आधी उचलायची. तात्यांनी घराचे दोन भाग केले, पुढचा आणि मागचा. अण्णा तेव्हा सीमेवर. त्यांच्या वतीनं आई म्हणाली, "आमाला पुढचं."

तात्यांनी मान डोलावली आणि मागं गेले. मधे विटांची जाड भिंत उभी राहिली. मागच्या घराला बोळातनं वेगळं दार काढलं. त्या दिवसापासनं तात्यांनी पुढच्या सोप्यात पाऊल ठेवलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. अण्णा आले की अंगणाच्या कडेला उभं राहून तासभर बोलायचे, चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. "आत या की वं दादा," असं अण्णा म्हणाले की तात्या म्हणायचे, "र्‍हाऊ दे रं, पायाला चिखल हाय." उन्हाळ्यात कुठला आलाय चिखल!

अण्णांना ते लागायचं. फौजेतनं जे आणायचे त्यात दादाचा निम्मा वाटा ठरलेला. दोन ब्लँकेटं आणली तर एक मागं. लोकर आणली तर निम्मे गुंडे मागं. आणि आता हा डबा आला, ज्याचे दोन तुकडे होणार नाहीत. अण्णा दिवसभर तारा उलगडत बसले होते. शेवटी म्हणाले, "दादा येत न्हाई, तर आवाज तरी जाऊ दे तिकडं." पाच स्पीकरांपैकी दोन लहान होते, पुस्तकाएवढे, आणि त्या दोघांच्याच तारा लांबलचक. साहेबांच्या बंगल्यात ते दिवाणखान्याच्या पार मागं असायचे म्हणून. अण्णांनी छिन्नी-हातोडा घेतला, भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडलं आणि तारा पलीकडं सोडल्या. ते दोन लहान स्पीकर तात्यांच्या खाटेच्या वर खिळ्यांना टांगले. आमच्याकडं दोन मोठे राहिले आणि मधला एक आडवा. तात्या म्हणाले, "संपत, आमाला कशाला रं एवढं?" पण मुंडाशाचं टोक सारखं करत होते. खूश झाले की ते तसं करायचे.

डब्यावर चाचणीचं एक बटण होतं. ते दाबलं की ‘श्श्श’ असा पावसासारखा आवाज एकेका स्पीकरमधनं फिरत जायचा, आधी डावा, मग मधला, मग उजवा आणि मग मागचे. अण्णांनी ते दाबलं. आवाज आमच्या घरातनं फिरत फिरत गेला आणि थांबला. भिंतीपलीकडं सुरू झाला असणार. अण्णा भोकाला तोंड लावून ओरडले, "दादा, येतंय का वं?"

"येतंय की!" पलीकडनं तात्या. "लय झ्याक येतंय!"

अण्णा खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पंधरा वर्षांची शहाणी, मला हसू आलं. ‘श्श्श’ला काय झ्याक म्हणायचं? सुट्टी संपवून अण्णा गेले तेव्हा मला सांगून गेले, "रोज सांजचं एक कॅसेट लाव. दादाला इचारत जा."

मी विचारत गेले. तो सगळा हंगाम विचारत गेले. भोंगा व्हायचा, दिवेलागण व्हायची, मी कॅसेट घालायची आणि भिंतीतल्या भोकाखाली जाऊन ओरडायची, "तात्या, येतंय का?" पलीकडनं उत्तर तयार, "येतंय, येतंय!" कधी "लय झ्याक!" मला त्या उत्तराची इतकी सवय झाली, की उत्तर यायच्या आधीच मी पुस्तकात डोकं घातलेलं असायचं. आमच्याकडं आडव्या स्पीकरमधनं बाई गात असायची आणि मी बीजगणित सोडवत असायची. तात्या-थोरली आई पलीकडं बसून तेच गाणं ऐकताहेत, आपण एकाच घरात आहोत, असं काहीतरी मला तेव्हा वाटायचं. माझा चुलतभाऊ पुण्याला शिकायला होता, आई नि थोरली आई एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळं खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं.

संक्रांत झाली आणि अण्णांचं पाकीट आलं. त्यात पत्राऐवजी कॅसेट. अण्णांना लिहायचा कंटाळा. कुणाकडनं तरी टेपरेकॉर्डर मागून घेऊन त्यांनी अर्धा तास बोलून काढला होता. संध्याकाळी मी ती लावली. ‘टक्’ झालं आणि आडव्या स्पीकरमधनं अण्णांचा घसा साफ केल्याचा आवाज आला. आई चुलीपासनं धावत आली. अण्णांनी आमची चौकशी केली, म्हशीची केली, माझ्या अभ्यासाबद्दल दोन दम दिले. मग म्हणाले, "शालू, आवाज मोठा कर. दादा ऐकत आसंल तिकडं. दादा, मी चैतात कायमचा येतोय. पेन्शन घिऊन. लय झालं आता हे परमुलखात ऱ्हाणं. तर माझ्या मनात एक हाय, दादा. मधली भिंत काढू या. बायकांचं मी बघतो, तुमी मनात आणू नगा. तुमचं व्हय-न्हाई काय आसंल ते शालूला सांगा, ती लिहील मला. तुमी न्हाई म्हणालासा तरी मी काय इचारणार न्हाई परत. तुमच्या शब्दाभायेर मी कवा गेलोय?"

आई पदर तोंडाला लावून बसली. मग हळूच म्हणाली, "जा, बघ काय म्हणत्यात ते."

मी उठले. खरं सांगू? मला जायचं नव्हतं. पूर्वपरीक्षा तोंडावर, इतिहासाचे चार धडे राहिलेले, आणि बोळातनं वळसा घालून मागच्या दाराला जायचं म्हणजे थोरल्या आईच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या. गेले. तात्या खाटेवर बसले होते, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर खाली. मी दारातनंच विचारलं, "तात्या, ऐकलंत नव्हं? अण्णांची कॅसेट होती."

"ऐकलं, ऐकलं," तात्या म्हणाले. आणि मग, "बरा हाय न्हवं त्यो?"

"बरे आहेत."

"मग झालं."

मी थोडा वेळ उभी राहिले. ते आणखी काही बोलतील म्हणून. थोरल्या आईनं भांडं जोरात आपटलं. मी परत आले.

‘बरा हाय न्हवं त्यो?’ ज्यानं अर्धा तास त्या माणसाचा आवाज ऐकलाय तो असं कशाला विचारेल? एवढं साधं मला कळू नये? आज मी मुलींना उताऱ्यावरचे प्रश्न शिकवते. ओळींच्या मधलं वाचा म्हणून फळ्यावर खडू आपटते. आणि तेव्हा माझ्यासमोर एक म्हातारा होत चाललेला माणूस भावाची खुशाली विचारत होता, आणि मला इतिहासाची घाई होती.

त्या रविवारी मी अण्णांना पत्र लिहिलं. आंतरदेशीय पत्राच्या निळ्या कागदावर. त्यातलं एक वाक्य मला शब्द न् शब्द पाठ आहे. "तात्यांनी कॅसेट ऐकली, भिंतीबद्दल काही बोलले नाहीत." यात एक अक्षर खोटं नाही, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आले.

चैत्रात अण्णा आले. कारखान्याचा पट्टा पडून गळीत संपलं होतं, भोंगा बंद होता, रानात खोडव्याला पाणी चाललं होतं. तात्या बांधावरच भेटले. मी अण्णांची ट्रंक धरून मागं उभी. दोघांनी पाण्याच्या पाळीचं बोलणं काढलं. मग पावसाचं. अण्णा मधेच थांबायचे, तात्यांच्या तोंडाकडं बघायचे. तात्याही थांबायचे. मला आता वाटतं, दोघंही वाट बघत होते. पण भावानं ‘न्हाई’ म्हटलंय असं ज्याला वाटतंय तो पुन्हा कसा विचारणार, आणि ज्याला विचारलेलंच माहीत नाही तो काय सांगणार?

त्या उन्हाळ्यात अण्णांनी भिंतीला आमच्या बाजूनं गिलावा करून घेतला. सिमेंटचा, पक्का. आई म्हणाली, "कशाला एवढा खर्च?" अण्णा म्हणाले, "दादाला भिंत पाहिजे तर चांगली तरी आसू दे." गवंडी दोन दिवस थापी मारत होता. तारांच्या भोकाभोवती त्यानं नीट सफाई केली. पलीकडं तात्या खाटेवर बसून त्या थापीचा आवाज ऐकत असणार. तो मात्र त्यांना स्पष्ट ऐकू गेला असेल.

पुढं अण्णा बारा वर्षं जगले. रान बघितलं, माझं लग्न लावलं, सोसायटीत निवडून आले. रिसीव्हर दोन-तीन वर्षं रोज वाजला, मग सणावारी, मग त्याच्यावर आईनं विणलेलं झाकण आणि झाकणावर फुलदाणी. दोघे भाऊ अंगणाच्या कडेला उभं राहून बोलायचे. कुणी बघितलं तर म्हणावं, काय जोडी आहे. पण अण्णांच्या बोलण्यातला तो धाकटेपणा गेला होता. "दादा" म्हणायचे, पण आधी म्हणायचे तसं नाही. आणि मी सासरहून आले की अण्णा कधी कधी उगाच म्हणायचे, "मानूस मनात काय धरून बसंल, सांगता येत न्हाई बघ." मी समजायची, सोसायटीतल्या कुणाबद्दल बोलताहेत.

अण्णा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत अंगण भरलं होतं. तात्या पहिल्यांदा पुढच्या सोप्यात आले ते त्या दिवशी. उंबऱ्याबाहेर पायताण काढलं, आत आले, अण्णांच्या उशाशी बसले आणि त्यांच्या केसांवरनं हात फिरवत राहिले, लहान पोराला झोपवताना फिरवतात तसा. तिरडी उचलताना पुढचा खांदा त्यांचा. सत्तरीच्या माणसाला लोक नको म्हणत होते, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

आई आता माझ्याकडं सांगलीत असते. पुढच्या घराला कुलूप. दिवाळीत साफसफाईला गेले तेव्हा तो रिसीव्हर मी उचलून आणला. का आणला, सांगता येणार नाही. चालू केला तर आकडे लागले, पण ‘टक्’ होईना. सांगलीत एका माडीवर जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं नेला. त्यांनी झाकण उघडलं आणि लाडानं फुंकर मारली. "मॅडम, अशी वस्तू आता मिळत नाही," म्हणाले. मी आपली फुशारकीनं सांगत बसले, की आमचे वडील किती हुशार, मागचे दोन स्पीकर चुलत्यांच्या घरात कसे लावले, दोन घरं एकाच वेळी गाणं कशी ऐकायची.

ते गृहस्थ हसले. "गाणं कसं ऐकतील? मागच्या दोनमध्ये गाणारा नसतोच."

"म्हणजे?"

"हा सिनेमासाठी बनवलेला. माणसाचा आवाज येतो मधल्या आडव्यातनं. वाद्यं पुढच्या दोघांतनं. मागच्यांत फक्त पाऊस, टाळ्या, घुमारा, तेही बारीक. आणि नुसतं बोलणं असेल, एका माइकवर टेप केलेलं, तर मागं शून्य. हवासुद्धा जात नाही."

"पण श्श आवाज जायचा की! वडिलांनी तपासलं होतं."

"तो चाचणीचा, मॅडम. तो सगळ्यांना सारखा जातो."

मी निघाले, जिना उतरू लागले. कठड्याला धरून मधल्या पायरीवर बसले. खालनं उसाची ट्रॉली चालली होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तात्या होते, दोन मुक्या डब्यांखाली बसलेले, रोज संध्याकाळी, "येतंय, येतंय" म्हणणारे.

घरी येऊन ती कॅसेट शोधली. सापडली. आणि लावल्यावर काय ऐकू आलं? मी. पंधरा वर्षांची मी, इतिहासाची प्रश्नोत्तरं घडाघडा वाचत होते. कोरी कॅसेट मिळाली नाही म्हणून त्याच फेब्रुवारीत मी अण्णांच्या आवाजावर पाठांतर टेप केलं होतं. ऐकून झालंय, आता काय करायची, असं वाटलं होतं. माझं पाठांतर संपलं त्यापुढं अण्णांचं एवढंच उरलंय, जरासा खोकला आणि "चला, ठेवतो आता." मी ते सात-आठ वेळा ऐकलं. आई आतनं विचारत होती, "कोन बोलतंय गं?" मला तिला सांगवेना. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

परवा गावी गेले. तात्या मागच्या दारात उन्हाला बसले होते. ऐंशी ओलांडलीय. थोरली आई तीन वर्षांपूर्वी गेली. चुलतभाऊ नि त्याची बायको तोडीवर गेले होते, आमच्याच फडाची पाळी आली होती. आत खाटेच्या वर दोन्ही स्पीकर अजून टांगलेले, धूळ पुसलेली. मी त्यांच्याजवळ जोत्यावर बसले. कसं काढावं कळेना, म्हणून सरळ विचारलं.

"तात्या, ह्या डब्यांतनं कधी गाणं यायचं का?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नजर खाली. चोरी पकडल्यासारखे हसले.

"न्हाई ग, बाय. त्या पयल्या दिशी तेवढं श्श झालं. मागनं कवातरी पेटी वाजल्यागत व्हायचं, लांब. बाईचा आवाज कवाच न्हाई."

"मग येतंय का विचारलं की येतंय म्हणायचात ते?"

"आगं, त्यो एवढ्या लांबनं डोक्यावर घिऊन आला, भिंत फोडून तार वडली माझ्यासाठनं, आन मी न्हाई येत म्हणू? त्याला काय वाटलं आसतं?" जरा थांबून म्हणाले, "तुझी थोरली आई म्हणायची, रिकामे डबे दिलं तुमच्या भावानं, परत करा. मी म्हणलं, आसू दे. त्यानं दिलंय न्हवं?"

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "रडतीस का? एवढ्याशा डब्यापायी?"

मग मी सांगितलं. सगळं. कॅसेट आली होती, अण्णा त्यात काय म्हणाले होते, मी दारात येऊन काय विचारलं. अण्णांचे शब्द आठवतील तसे म्हटले. दादा, मी चैतात कायमचा येतोय. मधली भिंत काढू या. तुमचं व्हय-न्हाई सांगा.

तात्या कानामागं हात धरून ऐकत होते. "परत म्हण," म्हणाले. मी परत म्हटलं.

"दादा म्हणला व्हता?"

"व्हय."

"आन मी काय म्हणलो?"

याचं उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. पण द्यायलाच हवं होतं. "तुम्ही काही बोलला नाहीत, असं मी लिहिलं अण्णांना. त्यांना वाटलं, तुम्हाला भिंत पाहिजे. म्हणून गिलावा केला."

मला वाटलं, आता मला काहीतरी बोलतील, बोलावंच, मारलं तरी चालेल. त्यांनी डोळे पुसलेसुद्धा नाहीत, पाणी तसंच गालावरनं दाढीत गेलं. "बारा वर्सं," म्हणाले. "बारा वर्सं त्यो भायेर हुभा ऱ्हाऊन बोलला माझ्यासंगं."

मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली. पलीकडं कुणी बसलेलं असताना हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "व्हय रं, संपत. काढू या."